पदवीच्या विद्यार्थ्याचे संशोधन आणि प्राध्यापकाची जबाबदारी

पदवीचे शिक्षण म्हणजे नेमलेली पुस्तके वाचणे व परीक्षेत ती पुन्हा लिहून दाखविणे, असा समज आपल्याकडे फार काळ रूढ आहे. संशोधन ही पदव्युत्तर काळाची गोष्ट मानली जाते. या समजुतीस छेद देणारी एक योजना १९६९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी सुरू केली. पदवीच्या विद्यार्थ्यांस प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सहभागी करून घेणे हा तिचा हेतू होता. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प करण्याची वाट दाखविली.

बीदर व कलबुर्गी या सीमाभागाच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. येथे १९८० साली गुलबर्गा विद्यापीठ व २००९ साली आळंद तालुक्यातील कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. तथापि २०२४ साली कर्नाटक शासनाने पुन्हा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम स्वीकारला. नियमाने दिलेली वाट अशी अरुंद झाली, की प्राध्यापकाच्या स्वेच्छेचे मोल वाढते. मग हे मार्गदर्शन म्हणजे नेमके काय? त्याची तीन अंगे आम्हांस दिसतात.

१. प्रश्न शोधण्यास साहाय्य. विद्यार्थी बहुधा विषय घेऊन येतो, प्रश्न घेऊन येत नाही. समजा, एखाद्याने 'बीदरचा पाणीपुरवठा' हा विषय आणला. प्राध्यापकाने त्यास नौबादच्या सुरंगबावीकडे न्यावे. बहामनी काळात इराणी पद्धतीने खोदलेला हा भूमिगत जलमार्ग आहे. जांभ्या दगडातून पाणी झिरपते व खालच्या काळ्या पाषाणाच्या थरावर अडते. ते उताराने वाहून आणण्याची ही युक्ती होय. तेथे उभा राहिला की विद्यार्थी आपण होऊन विचारू लागतो: कोणत्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी टिकते? कोठे माती भरली? असा लहान, मोजता येण्याजोगा प्रश्न हाती आला म्हणजे निम्मे कार्य झाले. उत्तर मात्र प्राध्यापकाने देऊ नये.

२. भाषेचा आधार. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक घरांत मराठी बोलली जाते. विद्यार्थी माहिती गोळा करतो ती आजीच्या मराठीत वा शेजाऱ्याच्या कन्नडात, आणि प्रबंध लिहितो इंग्रजीत. या प्रवासात पुष्कळसा अर्थ गळून जातो. म्हणून ऐकलेले शब्द प्रथम जसेच्या तसे टिपून ठेवण्याची शिस्त लावावी; भाषांतर मागाहून करावे. शिवाय १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात असल्याने जुने दप्तर उर्दूत आहे. त्याहून जुने फारसीत, तर काही मोडीत. एकाच प्राध्यापकास हे सर्व अवगत असणे कठीण. 'मला हे वाचता येत नाही' असे त्याने मोकळेपणाने सांगावे व विद्यार्थ्यास जाणकाराकडे पाठवावे. गुरूच्या अज्ञानाची ही कबुली शिष्यास प्रामाणिकपणाचा पहिला धडा देते.

३. श्रेयाचा न्याय. येथे आम्हांस स्पष्ट बोलावेसे वाटते. घरोघर फिरून माहिती आणणारा विद्यार्थी व लेखावर नाव मात्र प्राध्यापकाचे, हा व्यवहार अन्यायाचा होय. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलास आपला हक्क कोणता हेच ठाऊक नसते. तो मागणार नाही, म्हणून देणाऱ्यानेच जागरूक असावे. कोणते काम कोणाचे व नाव कोणत्या क्रमाने यावे, हे आरंभीच लिहून ठेवावे. ज्या वृद्धांनी आठवणी सांगितल्या त्यांची संमती घ्यावी, आणि तयार झालेले लेखन त्यांना वाचून दाखवावे.

यास फार द्रव्य लागत नाही. वेळ मात्र लागतो. आठवड्यातून एक ठरलेला तास, एक टिपणवही, आणि चुकीचे अनुमान आले तरी न रागावता 'हे तू कशावरून म्हणतोस?' असे विचारण्याची सवय, एवढे पुरेसे आहे. ज्यास एकदा असा प्रश्न विचारला गेला, तो पुढे शिक्षक होवो, कारकून होवो वा शेतकरी, ऐकीव गोष्टीवर सहजासहजी विसंबत नाही. सीमेवरच्या या बहुभाषी प्रदेशास अशा पारखी माणसांची निकड आहे.