चर्चगेटचे चर्च

मुंबईस कधी जाऊन आलेल्या श्रोत्यांना ‘चर्चगेट’ हा शब्द समजावून सांगावयास नको. पश्चिम रेल्वेचे ते दक्षिणेकडील अखेरचे स्थानक. परंतु तेथे उतरून कोणी ‘गेट’ शोधू लागल्यास ते सापडावयाचे नाही. आणि ‘चर्च’ पाहावयाचे तर पूर्वेकडे चांगली पंधरा मिनिटे चालावे लागते. ही वेस होती मुंबईच्या जुन्या कोटाची. १८६० नंतरच्या दशकात कोटाचे तट पाडले गेले, त्यांबरोबर वेसही गेली. तिच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तोच आपला आजचा हुतात्मा चौक. चर्च मात्र हॉर्निमन सर्कलनजीक अद्याप उभे आहे. त्याचे नाव सेंट टॉमस.

१६७६ साली गव्हर्नर जेरल्ड आँजियर यांनी या चर्चचा पाया घातला. पुढच्याच वर्षी ते सुरतेस निवर्तले. भिंती दोन-अडीच पुरुष उंचीपर्यंत चढल्या आणि काम थांबले, ते जवळजवळ चाळीस वर्षे! मध्यंतरी १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर चाल केली, रोगराईने माणसे पटापट मेली. वर्गणीचा पैसा कोठे गेला, याविषयीही लोक नाना तऱ्हेने बोलत. सरकारी कचेरीत उमर घालविलेल्या माझ्यासारख्याला यात विशेष नवल वाटत नाही. ज्याने योजना मनावर घेतली तो गेला, की भिंती जेथल्या तेथे राहतात.

१७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाद्री मुंबईस आला. प्रार्थना तोवर किल्ल्यातील खोल्यांत होत असे. नगरात स्वतंत्र चर्च नव्हते. गृहस्थ स्वभावाने तापट खरा, पण चिकाटीचा. त्याने प्रवचनातून लोकांना टोचले, वर्गणी उभी केली, गव्हर्नर चार्ल्स बून यांचे पाठबळ मिळविले. आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. त्यानंतर दोनच वर्षांत वरिष्ठांशी बिनसून त्याला मायदेशी परतावे लागले.

१८३७ साली मुंबईस बिशप नेमले गेले तेव्हा या साध्या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. मनोरा व त्यावरील घड्याळ त्यानंतरचे. आत शिरताच डोळ्यांत भरतात ती भिंतींवरील संगमरवरी स्मारके. त्यांतील एकापाशी थोडे थांबावे. जोनाथन डंकन यांचे ते स्मारक. १७९५ पासून १८११ पर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्यापूर्वी ते बनारसला रेसिडेंट असत. तेथील संस्कृत पाठशाळा १७९१ साली त्यांच्याच पुढाकाराने निघाली, हे काशीकर मराठी मंडळींना ठाऊक असेलच. बनारस आणि काठियावाड येथील बालहत्या डंकन यांनी बंद केली, अशा अर्थाचा लेख स्मारकावर आहे. मुलगी जन्मताच तिला मारण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी तेथील मंडळींकडून करार लिहून घेतले, हे खरे. पण चाल काही बंद पडली नाही. ती मोडण्यासाठी १८७० साली सरकारला कायदा करावा लागला. दगडाने थोडी घाई केली, असे माझे मत. तथापि, तलवारीच्या पराक्रमाचे गोडवे गाणाऱ्या शेजारच्या स्मारकांपेक्षा हा लेख मला अधिक मोलाचा वाटतो.

मुंबईतील अंतरे एके काळी याच वास्तूपासून मोजली जात. परळ-दादरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाचे मैलाचे खांब होते. ‘सेंट टॉमस चर्चपासून इतके मैल’ असे त्यांवर कोरलेले असे, आकडे रोमन. रस्ते वर चढत गेले तसे खांब जमिनीत गडप झाले. चर्चच्या जीर्णोद्धाराला २००४ साली युनेस्कोचे पारितोषिक लाभले. खांबांची पाळी त्याहून उशिरा आली. अलीकडच्या वर्षांत त्यांतील काही खणून काढले आहेत. एरवी पादचारी त्यांवर टेकून बसची वाट पाहत असत.