ई-रीडर मराठी वाचकाच्या हाती देताना

साठी उलटली की अनेक वाचकांना छापील टाइप बारीक वाटू लागतो. जाडजूड कादंबरी हातात धरून मनगट भरून येतं. वाचायची हौस तेवढीच असते; आड येतात डोळे आणि हात. ई-रीडर या दोन्ही अडचणींवरचा उत्तम उपाय आहे. तरीही मराठी घरांत भेट म्हणून आलेलं हे यंत्र पुष्कळदा आठवडाभराच्या कौतुकानंतर कपाटात जातं. याचं कारण बहुधा एकच असतं: ते मराठी वाचनासाठी कुणी लावून दिलेलं नसतं. सुरुवातीचा एक तास त्यासाठी दिला, तर हेच यंत्र वर्षानुवर्षं सोबत करतं.

पडदा वेगळा आहे

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे व काळे कण तरंगतात. विजेच्या इशाऱ्यावर पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि अक्षर उमटतं. उमटलेलं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र काही आठवडे चालतं. आणि पडदा स्वतः प्रकाश फेकत नसल्याने भर उन्हातही कागदासारखं वाचता येतं. रात्रीच्या वाचनासाठी कडेला बसवलेले छोटे दिवे पानावर उजेड पाडतात.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून १९९७ साली ‘ई इंक’ ही कंपनी निघाली. तिचा पडदा असलेलं पहिलं वाचनयंत्र सोनीने २००४ मध्ये जपानात आणलं. अ‍ॅमेझॉनचं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत आलं आणि २०१२ मध्ये भारतात विकलं जाऊ लागलं. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचं दालन उघडायला मात्र डिसेंबर २०१६ उजाडला.

घेताना

देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांची बारीक कलाकुसर असते. त्यामुळे इंचाला ३०० ठिपके असलेला पडदाच घ्यावा. अक्षर मोठं करून वाचणाऱ्याला सहा इंचांपेक्षा सात इंचांचा पडदा बरा. एका ओळीत दोनच शब्द मावले की वाचनाची लय तुटते. जुनं यंत्र घेत असाल, तर आधी त्यावर एखादं मराठी पुस्तक उघडून पाहा. देवनागरीची सोय नसलेल्या यंत्रावर पहिली वेलांटी भलत्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं फुटतात.

पहिला तास

यंत्र पूर्ण चार्ज करा, घरच्या वाय-फायला जोडा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत होऊ द्या. मग खात्याचं पाहा. विकत घेतलेली पुस्तकं त्या खात्याला बांधलेली असतात. म्हणून यंत्र ज्यांना द्यायचं आहे, त्यांच्याच नावाने खातं उघडा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर आणि समास ठरवा. हे काम वाचणाऱ्याला शेजारी बसवूनच करायचं, कारण आपल्याला ‘मोठं’ वाटणारं अक्षर त्यांना पुरेसं असेलच असं नाही. मूळचा फॉन्ट आवडला नाही, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्ता’ मोफत मिळतो. केबलने यंत्र संगणकाला जोडून ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली, की तो फॉन्ट किंडल आणि कोबो या दोन्ही ई-रीडरच्या यादीत दिसू लागतो.

किंडलला स्वतःचा ई-मेल पत्ता असतो. खात्याच्या मान्य यादीत आपला पत्ता घालून ठेवला, की पुण्यातल्या आईला न्यू जर्सीतून मुलगी पुस्तक पाठवू शकते. वाय-फाय चालू असलं की ते यंत्रावर येतं. २०२२ पासून या पत्त्यावर ‘ईपब’ या ई-पुस्तकाच्या रूपातली फाइलही चालते.

पुस्तकं कुठून, कोणत्या रूपात

खरी अडचण इथे आहे. ईपबमधला मजकूर अक्षराच्या आकारानुसार नव्याने मांडला जातो. पीडीएफमध्ये छापील पान जसंच्या तसं गोठलेलं असतं. सात इंचांवर ते आक्रसतं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेतले आजचे अनेक अंक पीडीएफमध्येही मिळतात, पण दोन-दोन स्तंभांची ती पानं टॅबलेटवरच वाचावीत.

कोविद गोयल यांनी घडवलेलं ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर एका रूपातली फाइल दुसऱ्या रूपात आणतं. मात्र स्कॅन केलेलं पान हे चित्र असतं, त्यातून मजकूर निघत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेल्या पीडीएफमधून तर निरर्थक अक्षरांची रास हाती येते.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं मोफत पीडीएफ रूपात आहेत. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ही पुस्तकं विनामूल्य देतं. मराठी विकिस्रोतावरचं पुस्तक थेट ईपबमध्ये उतरवता येतं. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे ह. ना. आपटे, श्रीधर व्यंकटेश केतकर, साने गुरुजी यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. ‘बुकगंगा’वर विकत घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, म्हणून ती किंडलवर चालत नाहीत. हा संग्रह मोठा असेल, तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर घ्यावा.

विकत घेतलेलं ई-पुस्तक पूर्णपणे आपलं नसतं, हेही लक्षात असू द्या. जुलै २००९ मध्ये हक्काच्या वादातून अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. कंपनीने नंतर माफी मागितली. जिवापाड जपायचं पुस्तक छापीलच घ्यावं. रोजच्या वाचनाला ई-रीडर आहेच.

मराठी प्रकाशकांनाही एक विनंती आहे. पीडीएफवर न थांबता नीट बांधलेलं, युनिकोडमधलं ईपब काढा. अक्षर मोठं करता आलं, तर वाचन सुटलेले कितीतरी वाचक परत येतील.

आणि यंदा आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना ई-रीडर देणार असाल, तर खोका तसाच हाती देऊ नका. यंत्र लावून, त्यांच्या आवडीची दहा मराठी पुस्तकं भरून द्या, आणि पहिली चार पानं त्यांच्या शेजारी बसून वाचा.