कारखाना आधी सुधारला, मग विकला
(लेखमाला : सरकारी की खासगी? – लेखांक 6)

मागच्या लेखांकात आपण ‘मनुष्यतास’ हे माप समजून घेतलं : एक टन पोलाद तयार करायला सगळ्या कामगारांचे मिळून किती तास लागतात. आज ते ब्रिटिश स्टीलला लावून पाहू. खासगीकरणाने कार्यक्षमता वाढते म्हणणारे उदाहरणादाखल हेच नाव हमखास घेतात.

1967 मध्ये 14 मोठ्या कंपन्या एकत्र करून ही सरकारी कंपनी उभी राहिली. 1980 च्या सुमारास तिला टनामागे 14 मनुष्यतास लागत. 1979-80 चा तोटा 1.8 अब्ज पौंडांच्या घरात होता. डिसेंबर 1988 मध्ये तिचे शेअर विकायला निघाले, तेव्हा हेच माप पाचाच्या आसपास आलं होतं आणि आधीच्या वर्षाचा नफा 40 कोटी पौंडांवर गेला होता. म्हणजे मोठी झेप घेतली गेली ती सरकारी मालकीतच.

हे घडलं कसं? 1980 च्या आरंभी पगारावरून 13 आठवडे संप चालला. त्याच वर्षी कॉर्बी, शॉटन आणि कॉन्सेट इथलं पोलाद-उत्पादन थांबलं. अध्यक्ष म्हणून आलेल्या इयान मॅकग्रेगर यांनी मनुष्यबळ आणखी छाटलं आणि उत्पादन मोजक्या मोठ्या कारखान्यांत एकवटलं. झोतभट्टी म्हणजे घरातली शेगडी नव्हे. ती रात्रंदिवस धगधगती ठेवावी लागते आणि अर्ध्या क्षमतेने चालवली म्हणून व्याज, देखभाल, पगार अर्धे होत नाहीत. त्यामुळे चार अर्धपोटी भट्ट्यांपेक्षा दोन भरपेट भट्ट्या परवडतात. शिवाय कच्च्या मुलांची नावं पटावरून काढली की वर्गाचा निकाल सुधारतोच. जुने कारखाने गेल्याने सरासरीही सुधारली.

मग खासगीकरणाने काय केलं? तोटा यापुढे तिजोरीतून भरला जाणार नाही, हा थॅचर सरकारचा इशारा विक्रीच्या तयारीमुळे खरा वाटू लागला. (अब्जावधी पौंडांची जुनी देणी मात्र आधी तिजोरीनेच माफ केली होती.) दुसरा परिणाम विक्रीनंतरचा. स्कॉटलंडमधला रेव्हन्सक्रेग कारखाना 1982 मध्ये सरकारने वाचवला होता. 1992 मध्ये कंपनीने तो बंद केला; आता तिला मतदारांची भीती नव्हती.

पण ही गोष्ट तिथे संपत नाही. 1999 मध्ये कंपनी डच हूगोव्हेन्समध्ये मिसळून ‘कोरस’ झाली आणि 2007 मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा स्टीलने ती घेतली. 2016 मध्ये टाटांनी त्यातला स्कन्थॉर्पचा कारखाना एका पौंडाला विकला. पुढे तो चिनी जिंग्ये कंपनीकडे गेला. तिथल्या भट्ट्या विझू नयेत म्हणून एप्रिल 2025 मध्ये ब्रिटिश संसदेने शनिवारी बसून एका दिवसात कायदा केला आणि कारखान्याचा कारभार सरकारने हाती घेतला. मालकी तेव्हा जिंग्येकडेच राहिली.

म्हणून मालकाची पाटी वाचण्याआधी एक प्रश्न विचारावा : तोटा झाला तर तो शेवटी कोण भरणार? 1980 च्या दशकात ‘सरकार नाही’ हे उत्तर पटलं आणि कारखाना सुधारला. 2025 मध्ये बोट पुन्हा सरकारकडेच वळलं.

पुढच्या लेखांकात : हिंदुस्तान झिंक, 2002.