चार महिने वर्गात, चार महिने नोकरीत

टोरांटोहून गाडीने तास-सव्वा तासावर वॉटर्लू आहे. तिथल्या विद्यापीठात गणित हा विज्ञान शाखेतला एक विभाग नाही. १९६७ पासून ती स्वतंत्र विद्याशाखा आहे. पदवीही बी.एस्सी. नव्हे, ‘बॅचलर ऑफ मॅथेमॅटिक्स’. शुद्ध गणित, उपयोजित गणित, संख्याशास्त्र आणि विमागणित, कॉम्बिनेटोरिक्स, शिवाय संगणकशास्त्र, हे सगळं एकाच छताखाली.

या घराला पाया दमदार मिळाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या लोरेन्झ या सांकेतिक संदेशांच्या यंत्राची रचना ते यंत्र न पाहता, केवळ संदेशांवरून ओळखणारे विल्यम टट १९६२ मध्ये इथे आले आणि निवृत्तीपर्यंत राहिले. १९६५ ची गोष्ट तर या जागेचा स्वभावच सांगते. फोरट्रान या संगणकभाषेचा तेव्हाचा कंपायलर विद्यार्थ्यांच्या चुकांनी भरलेल्या छोट्या प्रोग्रॅमना फार वेळ लावायचा. मग पदवीच्या चार विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात बसून नवा लिहिला. वेगवान, आणि चूक कुठे झाली ते नीट सांगणारा. ‘वॉटफॉर’ हे त्याचं नाव. पुढे तो बाहेरच्या विद्यापीठांतही वापरला गेला.

गणिताच्या विद्यार्थ्यांना इथे को-ऑपही घेता येतं, म्हणजे शिक्षण आणि नोकरी आलटून-पालटून. ही कल्पना मात्र वॉटर्लूची नव्हे. ती १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. वॉटर्लूने १९५७ मध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्याच तुकडीपासून ती उचलली. चार महिने शिकायचं, चार महिने पगारी काम करायचं, पुन्हा वर्गात यायचं. अशी पाच-सहा कामं होईपर्यंत पदवीला चारऐवजी पावणेपाच-पाच वर्षं लागतात.

आपल्याकडचे पालक इथे हमखास गफलत करतात. को-ऑप म्हणजे कॉलेजने हातात ठेवलेली नोकरी नव्हे. विद्यापीठ पोर्टल देतं, कंपन्या आणतं, सल्लागार देतं. अर्ज आणि मुलाखती ज्याच्या त्याने करायच्या. मुलाखतींनंतर कंपनी उमेदवारांना क्रम लावते, विद्यार्थी कंपन्यांना, आणि संगणक जोड्या जुळवतो. जोडी जुळली की सहसा माघार नाही. यातली खरी कसोटी वेळेची. मिड-टर्म तोंडावर आलेली असते आणि त्याच आठवड्यात मुलाखती. पहिल्या वर्षाच्या मुलाकडे दाखवायला अनुभव नसतो, त्यामुळे पहिलं काम मिळवणं सगळ्यात अवघड. ते ऑफिसातली साधी आकडेमोड निघालं तर नाक मुरडू नये. दुसऱ्या अर्जाला तेच उपयोगी पडतं.

माझं मत विचाराल तर पगाराचे आकडे बघून ही शाखा घेऊ नये. विमागणित आणि संगणकशास्त्रवाल्यांना विषयाशी थेट जुळणारी कामं मिळतात. शुद्ध गणितवाला बहुधा सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, आणि परत येऊन अमूर्त बीजगणिताच्या वर्गात बसतो. ज्याला ही उडी मानवते त्याच्यासाठी व्यवस्था छान आहे. ज्याला पीएच.डी. करायचीय, त्याने को-ऑपशिवायचा नेहमीचा मार्गही तपासावा. तोही तिथेच उपलब्ध आहे, आणि उन्हाळा संशोधनाला मोकळा राहतो.

प्रवेशासाठी युक्लिड स्पर्धा जरूर द्यावी. बारावीच्या मुलांसाठीची ही परीक्षा वॉटर्लूच घेते, आणि तिथे उत्तराइतकीच मांडणी तपासली जाते. अभ्यासक्रम निवडताना त्याचं वेळापत्रकही बघावं. वरच्या वर्गांचे काही विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. नेमकं तेव्हाच तुम्ही चार महिने नोकरीवर असाल, तर तो विषय पुढच्या वर्षी.