पाचपट जड

कळ दाबली की तेल जागच्या जागी घट्ट होतं आणि सोडली की पुन्हा वाहू लागतं, असं ऐकलं म्हणून धुळ्यात देवपुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. दारातच अमोनियाचा भपकारा आला. मी डोळे पुसत राहिलो. तिथले मदतनीस मामा नुसते हसले.

संशोधन करणाऱ्या ताईंनी फेरस आणि फेरिक क्लोराइडच्या पिवळट द्रावणात अमोनिया ओतला आणि क्षणात सगळं काळंकुट्ट झालं. हे मॅग्नेटाइट. बीकरखाली चुंबक धरून कण धुतले, मग बर्फात ठेवून त्यांच्यावर पॉलिअ‍ॅनिलीनचा थर चढवला. हा थर आधी हिरवा असतो आणि वीज बरीच वाहू देतो. इथे नेमकं तेच नको, नाहीतर ठिणगीच पडायची. म्हणून पुन्हा अमोनिया, पुन्हा तो दर्प. हिरव्याचा निळा झाला की वीज अडते.

वाळलेली पूड सिलिकॉन तेलात मिसळली. मिलिमीटरभर अंतरावरच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये दोन हजार व्होल्ट सोडले, तसं ओघळणारं तेल थबकलं. भिंगाखाली पाहिलं तर कणांच्या साखळ्या या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. अमेरिकेत विन्स्लो यांनी तेलात स्टार्चसारखी पूड घालून हा प्रकार 1949 साली मांडला होता.

माझी नजर मात्र मामांवर. कपाटातली बाटली काढायची, हलवायची, ठेवायची, पुढची घ्यायची. जुन्या लोणच्याच्या बरणीसारखं तेल वर, गाळ खाली. "मॅग्नेटाइट या तेलाच्या पाचपट जड," ताई म्हणाल्या. कणांवरचा पॉलिमरचा थर हलका, त्यामुळे गाळ उशिरा बसतो. बसायचा काही राहत नाही. मामांनी ते एका दमात सांगितलं, "खाले बसी जास, दादा. रोज हालावनं पडस." पाचपट! त्यात धुळ्याचा मे महिना. तेल पातळ झालं की गाळाला आणखी घाई.

2002 साली कॅडिलॅक गाडीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये असलं तेल आलं, पण ते चुंबकाचं ऐकणारं. विजेवर घट्ट होणाऱ्या तेलाची पकड त्यापुढे बरीच कमी. वीज आणि चुंबक दोघांचंही ऐकेल असा कण हवा, म्हणून ही खटपट. असल्या तेलांना 'स्मार्ट' म्हणतात, पण रोज हलवावं लागणाऱ्या तेलाला तसं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.

एका काचनळीला मामांनी आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. वरचं नितळ तेल किती उतरलं, ते वहीत टिपतात. शोधनिबंधात याचा आलेख अगदी शेवटी जातो, असं ताई म्हणाल्या. मला विचाराल तर तो पहिल्या पानावर छापावा.