फरशीखालचा रांजण

"टाइल्स लावतोय ना? मग पाणी जाईल कुठून?"

नगरच्या सावेडीत, केडगावात किंवा भिंगारला जुन्या फ्लॅटचं बाथरूम फोडून नवं करायचं काम निघालं, की हा सवाल हमखास येतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, मिस्त्रीच्या तोंडी अजून 'नगर'च आहे.) विचारणारा घरमालक तोवर टाइल्सच्या दुकानाच्या तीन चकरा मारून आलेला असतो. रंग ठरलेला, भाव घासाघीस करून उतरवलेला. वॉटरप्रूफिंगचा आकडा ऐकला, की मिस्त्री उगाच खिशाला चिमटा काढतोय असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा तोच आकडा खोडला जातो.

टाइल पाणी पीत नाही, हे खरं. चांगली व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. पण बाथरूम म्हणजे एक सलग टाइल नव्हे. ५ बाय ७ फुटांच्या बाथरूममध्ये फूटभर मापाच्या टाइल्स बसवल्या, तर नुसत्या जमिनीवर ५८ फूट सांधा होतो. भिंतीलगतचा २४ फूट वेगळा. या सांध्यांत भरलेलं पांढरं सिमेंट सच्छिद्र असतं. पटत नसेल त्याने घरातल्या कोरड्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघावा. बघता बघता तिथे गडद डाग उमटतो. थेंब कुठे गेला? खाली. टाइल कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका ही टाइलवाल्यांचीच संघटना. तीही सांगते, की टाइल आणि सांध्यांतलं ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. माल विकणाराच नाही म्हणतोय, तरी घेणारा हो म्हणतो, याला काय करावं?

यावर दुसरं उत्तर तयार असतं: "खाली कोबा आहे की." बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. आता वीट काय करते? भारतीय मानक आयएस १०७७ नुसार साध्या भाजलेल्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यालेलं चालतं. म्हणजे ३ किलोची वीट ६०० ग्रॅम पाणी पिऊनही पास! सांध्यांतून उतरलेलं पाणी या विटांत मुरतं, खड्ड्यात साठतं, आणि फरशीखाली एक रांजण तयार होतो. ना त्याला झाकण, ना तोटी. कोबा उतार देतो, खड्डा भरतो, पण त्याच्याखाली स्लॅबवर पाणी अडवणारा थर नसेल, तर तो फक्त साठवण करतो.

या रांजणामुळे शेजाऱ्यांत किती भांडणं झाली असतील! वरचं कुटुंब महिनाभर गावी जातं, तरी खालच्यांच्या छताला थेंब धरलेलाच. खालच्या काकू तणतणत वर जातात. वरच्या वहिनी म्हणतात, "अहो, आम्ही घरात नव्हतोच, नळ बंद होता." दोघीही खरंच बोलत असतात. साठलेलं पाणी सावकाश उतरतं, आणि तेही जिथे आंघोळ होते तिथून नाही, तर जिथे वाट सापडेल तिथून. बहुधा न्हाणी ट्रॅप किंवा कमोडचा पाइप जिथे स्लॅब भेदून जातो, तिथून. मग प्लंबरला बोलावून धड असलेला पाइप बदलला जातो. इकडे स्लॅबमधली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि काँक्रीटचे पोपडे पडायला लागतात. त्यावर पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे ओल दूर करणं नव्हे, झाकणं.

नगरच्या जुन्या माणसांचा एक खास मुद्दा असतो: "आमच्या वाड्यात कुठे होतं वॉटरप्रूफिंग? आणि फराहबाग तर पाण्यातच बांधलाय." मुद्दा ऐकायला गोड आहे. फराहबाग हा महाल १५८३ मध्ये पुरा झाला, तोही तळ्याच्या मधोमध. पण तिथे जाड दगडी काम आणि चुना आहे, पाच इंची स्लॅब नाही. वाड्यातली न्हाणी तळमजल्यावर असायची. शहाबादी फरशीवरचं पाणी मोरीतून परसातल्या केळी-अळूला जायचं, झिरपलंच तर मातीत. खाली कुणाचं स्वयंपाकघर नव्हतं.

किरकोळ गैरसमजही थोडे नाहीत. जास्त सिमेंट घातलं की पाणी अडतं? उलट असा माल आकसतो आणि त्याला तडे जातात. मालात बाटलीतलं औषध ओतलं की काम झालं? त्याने काँक्रीटमधला झिरपा कमी होतो, तडा बुजत नाही. जुनं वॉटरप्रूफिंग आहेच? ब्रेकर चालल्यावर ते शाबूत राहिलं असं धरून चालू नये. आणि फ्लॅट नवाच असेल, तर फोडाफोडीआधी ताब्याची तारीख बघावी. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आधीच स्वतः फोडून ठेवलं, तर त्याला हात झटकायला निमित्त मिळतं.

करायचं काय, तर पाइप आणि ट्रॅप आधी पक्के बसवायचे. जमीन आणि भिंत मिळते तिथला काटकोन मोडून वाटा (गोलाई) काढायचा. मग पॉलिमर-सिमेंटच्या लवचीक लेपाचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याच्या आडवा. शॉवरच्या भिंतीला ६ फुटांपर्यंत, बाकीकडे निदान फूटभर. त्यानंतर छिन्नीला बाथरूमबंदी! लेप वाळल्यावर "गिझरचा पॉइंट राहिला" म्हणत भिंत खोदणारा प्लंबर सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो, अगदी शब्दशः.

आणि टाइल्स लावण्याआधी ट्रॅप बंद करून पाणी तुंबवून बघायचं, निदान २४ तास. ४८ झाले तर उत्तम. टँकरची सवय असलेल्या जिल्ह्यात इथे हमखास कुरकुर होते: एवढं पाणी वाया? ५ बाय ७ फुटांत २ इंच पाणी म्हणजे सुमारे १६५ लिटर, दोनशे लिटरचं टिपाडही भरत नाही. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची, शेजारी तेवढ्याच खोल पाण्याचं एक घमेलं ठेवायचं आणि त्यातही रेघ मारायची. घमेल्यातलं पाणी उन्हा-वाऱ्याने जितकं उतरलं तितकंच बाथरूममधलं उतरलं असेल, तर मिस्त्रीचे पैसे द्यावेत. जास्त उतरलं, तर त्याला परत बोलवावं. ते १६५ लिटर मग मगाने उपसून शेजारच्या खोलीतल्या नव्या प्लास्टरवर मारता येतात; त्यालाही आठवडाभर पाणी लागतंच.