जुलाब झाले, पण कसे?

मुलाला जुलाब लागले की घरचे वेळा मोजतात. डॉक्टर मात्र आणखी एक प्रश्न विचारतात: ‘शी कशी होते? पाण्यासारखी की रक्त-आव पडते?’ उपचार बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरतात.

लहान मुलांचे बरेचसे जुलाब रोटासारख्या विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. जिवाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात जिवाणू आतड्यात विष सोडतात. कॉलरा हे त्याचे ठळक उदाहरण. डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात हे विष दाखवून दिले. त्यामुळे आतड्यातून क्षार आणि पाणी वाहत राहते व शी तांदळाच्या धुवणासारखी होते. ‘ई. कोलाय’च्या काही जातीही असेच जुलाब घडवतात. इथे खरा धोका शरीर कोरडे पडण्याचा असतो.

दुसऱ्या प्रकारात जिवाणू आतड्याच्या अस्तरात शिरतात. यात शिगेला मुख्य. जपानच्या कियोशी शिगा यांनी तो १८९७ मध्ये शोधला. ताप, पोटात कळा, कुंथणे आणि रक्ती आव ही त्याची लक्षणे. अवघे १० ते १०० जिवाणू पोटात गेले तरी आजार होतो. म्हणून घरातल्या एकाकडून दुसऱ्याला तो सहज लागतो. न उकळलेले दूध, अर्धवट शिजलेली अंडी किंवा चिकन यांतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर येतात.

शीत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शिगेलाच्या आवेवर बहुधा अँटिबायोटिक द्यावे लागते. पण मागच्या वेळची उरलेली बाटली काढून पाजू नये. ‘ई. कोलाय’च्या एका प्रकारातही रक्त पडते आणि त्यात अँटिबायोटिकमुळे मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढू शकतो. मोठ्यांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊच नयेत.

कारण कोणतेही असो, जलसंजीवनी लगेच सुरू करावी. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेले झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करावे.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, सारखी उलटी होऊ लागली किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर थांबू नये. थेट दवाखाना गाठावा. आणि बाळाची शी काढल्यावर, तसेच भरवण्यापूर्वी, साबणाने हात धुवावेत. शिगेलाची वाट तिथेच अडते.